सिंगापूरचा रेल कॉरिडॉर : पुण्याच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे परीक्षण

पुण्याहून सिंगापूरला मुलांकडे महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांची संख्या आता बरीच वाढली आहे. परत आल्यावर सकाळच्या फिरण्यात जी वर्णने ऐकायला मिळतात, ती बहुतेक उंच इमारतींची, प्राणिसंग्रहालयाची आणि विमानतळातल्या धबधब्याची असतात. या खेपेला मुलीकडे गेलो असताना मी ज्या ठिकाणी दोन सकाळी घालवल्या, त्याचे नाव पुण्याच्या तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एकानेही ऐकलेले नव्हते, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. ठिकाणाचे नाव रेल कॉरिडॉर. गाड्या बंद झालेल्या लोहमार्गाची जागा चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुली करून तयार केलेला हा सुमारे २४ किलोमीटरचा सार्वजनिक मार्ग आहे. प्रवेशाला शुल्क नाही, तिकीट नाही, नावनोंदणी नाही.

माझी नोकरी रेल्वेत, लोहमार्गाच्या देखभालीत गेली. रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे), खडी, भराव, मोऱ्या (मार्गाखालून पाणी काढून देणाऱ्या वाटा) आणि गटारे एवढेच माझे जग होते. त्यामुळे एखाद्या मार्गावर पाऊल ठेवले की माझी नजर आधी झाडाफुलांकडे जात नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, इकडे जाते. या परीक्षणात तोच दृष्टिकोन जास्त येईल, हे वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे.

या मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सिंगापूर बेटावरची ही रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली आणि १९३२ मध्ये तिचा मार्ग बदलून तांजोंग पागार येथे मोठे स्थानक बांधण्यात आले. पुढे सिंगापूर स्वतंत्र देश झाला, तरी लोहमार्ग आणि त्याखालची जमीन मलेशियाच्या मलाया रेल्वेकडेच राहिली. म्हणजे एका देशाच्या ऐन मध्यातून दुसऱ्या देशाच्या रेल्वेचा पट्टा जात होता. २०१० मध्ये दोन्ही सरकारांमध्ये अंतिम समझोता झाला आणि ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी सुटली. ती गाडी शेजारच्या जोहोर या मलेशियन राज्याच्या सुलतानांनी स्वतः चालवली. दुसऱ्या दिवशी ही जमीन सिंगापूरकडे आली, आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक रूळ व स्लीपर उचलून मलेशियाला परत गेले.

जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या त्या शहरात अशा पट्ट्याचे तुकडे पाडून इमारती उभ्या करणे सर्वांत सोपे होते. तसे झाले नाही. तिथल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने २०१० मध्येच, म्हणजे गाड्या चालू असतानाच, हा पट्टा सलग हिरवा ठेवावा असा लेखी प्रस्ताव सरकारपुढे मांडला होता आणि पुढे सरकारनेही सलगतेचे तत्त्व मान्य केले. माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच आहे. त्यानंतरच्या फरसबंदीला, बाकांना आणि फलकांना त्याच्या खालोखाल महत्त्व आहे.

पहिल्या दिवशी मी आणि सौ. हिलव्ह्यू येथून निघून जुन्या बुकित तिमाह स्थानकापर्यंत चाललो. हा मधला टप्पा सुमारे चार किलोमीटरचा असून तो २०२१ मध्ये खुला झाला. सिंगापूरला वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला टेकडीवर पोहोचणाऱ्या पुणेकराला तिथे थोडे थांबावे लागते. आम्ही सव्वासातला चालू लागलो तेव्हा वाट दवाने ओली होती आणि दोन्ही बाजूंच्या झाडीतून पाखरांचा इतका आवाज येत होता की शेजारच्या रस्त्यावरची वाहने ऐकूच येत नव्हती.

चालू लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत जे जाणवते ते असे की इथे चढ लागतच नाही. मार्ग डोंगराच्या कडेने जातो, एका बाजूला जंगल वर चढत जाते, तरी पायांना ते कळत नाही. याचे श्रेय मार्ग सुशोभित करणाऱ्यांना नाही, मूळ रेल्वे बांधणाऱ्यांना आहे. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे. शंभर फुटांमागे एक फुटाचा चढसुद्धा जड मालगाडीला जाणवतो. म्हणून जिथे जमीन उंच तिथे ती कापून काढली आणि जिथे सखल तिथे भराव घालून वर उचलली. इंजिनासाठी घेतलेल्या त्या कष्टांचा लाभ आज गुडघे दुखणाऱ्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या आजोबांना होतो आहे. माझ्या सौभाग्यवतींना तळजाईचा चढ दोन वर्षांपासून झेपत नाही. इथे त्या चार किलोमीटर चालल्या आणि शेवटी म्हणाल्या, “अहो, अजून जाऊ या का थोडं पुढे?” सगळ्या परीक्षणात याहून मोठे प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही.

वाटेचा पृष्ठभाग बारीक खडी आणि माती दाबून केलेला आहे. काही ठिकाणी त्याला गवताची जोड आहे. डांबर किंवा सिमेंट नाही, त्यामुळे पाणी मुरते आणि पायांना घट्ट पण मऊ वाटते. आदल्या संध्याकाळी त्या देशात नेहमी पडतो तसा धोधो पाऊस पडला होता. अशा पावसानंतर पुण्यातल्या बहुतेक पदपथांवर काय अवस्था असते ते आपण जाणतो. इथे तुरळक ठिकाणी ओल होती, पण साचलेले पाणी चार किलोमीटरमध्ये मला दोनच जागी आढळले.

त्याचे कारण एका कटिंगपाशी, म्हणजे उंच जमीन कापून काढलेल्या भागापाशी, समोरच दिसले. मार्गाच्या कडेचे गटार ज्या ठिकाणी मोरीला मिळते, तिथे एक कामगार वाकून लांब दांड्याच्या दाताळ्याने पाने ओढून काढत होता. पाने काढून झाल्यावर त्याने मोरीच्या तोंडात हात घालून आतला गाळ चाचपला, मूठभर बाहेर काढला, पाणी पळायला लागले ते पाहिले आणि मगच तो पुढे सरकला. आमच्या वेळच्या चांगल्या गँगमनची, म्हणजे लोहमार्गाची देखभाल करणाऱ्या कामगाराची, नेमकी हीच पद्धत होती; वरवर झाडून तो कधी पुढे जात नसे. मी थांबून पाहत राहिलो. तो तमिळनाडूचा निघाला. त्याला मराठी येत नव्हते आणि मला तमिळ येत नाही, परंतु मी मोरीकडे बोट दाखवून हाताने “उत्तम” अशी खूण केली आणि तो मनापासून हसला. लोहमार्ग असो की चालण्याची वाट, ती टिकते ती या गटारांमुळे. भराव खचतो, कटिंगची कड ढासळते, ते जवळजवळ नेहमी पाणी अडल्यामुळे. उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी एखादी सार्वजनिक सोय कशी असेल हे ओळखायचे असेल, तर तिच्या मोऱ्यांची तोंडे पाहावीत.

याच टप्प्यात रस्त्यावरून जाणारा जुना पोलादी पूल लागतो आणि पुढे स्थानकाजवळ तसाच दुसरा. दोन्ही पूल जतन केले असून त्यांवर चालण्यासाठी तळ व कठडे करून दिले आहेत. जंगलाच्या बाजूला माकडांचे कळप असतात आणि त्यांना खाऊ घालू नये असे फलक आहेत. लोक ते पाळताना दिसले. गटाराच्या काठावर हातभर लांबीची एक घोरपड उन्हाला पसरली होती. शेजारून सायकली जात होत्या, तरी तिने मान वळवली नाही.

बुकित तिमाह स्थानक हा या मार्गावरचा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे. लाल विटांची छोटीशी इमारत, लहान फलाट, आणि फलाटाशेजारी मुद्दाम राखून ठेवलेले रूळ. मार्ग एकेरी होता, म्हणून समोरासमोर येणाऱ्या गाड्या या स्थानकात एकमेकींना ओलांडत आणि ड्रायव्हरला पुढच्या टप्प्याचे टोकन इथे हातोहात दिले जाई. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकेरी मार्गाच्या दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच टोकन बाहेर काढता येते आणि ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नसते. वेताच्या किंवा तारेच्या मोठ्या कड्याला ते टोकन अडकवून पोर्टर फलाटावर उभा राहतो आणि हळू जाणाऱ्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे झेलले जाते. आपल्याकडेही ही पद्धत वर्षानुवर्षे होती. तिथे सिग्नलचे दांडे जागेवर पाहिले आणि क्षणभर माझ्या दंडालाच त्या कड्याचा फटका बसल्यासारखे वाटले.

माझ्या खिशात मोजपट्टी असतेच. ती जुनी सवय आहे. सौ.नी एक टोक एका रुळाच्या आतल्या कडेला धरले आणि मी दुसरे ताणले. बरोबर एक मीटर, वर दोन-तीन मिलिमीटर. पुणे ते मिरज हा मार्गही याच मापाचा होता आणि १९७१ च्या सुमारास तो रुंद झाला. पुण्यातल्या घोरपडी भागात मामांकडे राहायला गेलो की संध्याकाळी त्या मीटरगेजच्या गाड्या पाहायला आम्ही मुले उभी राहत असू. ते रूळ पुन्हा कधी मोजायला मिळतील असे वाटले नव्हते. शेजारून धावत जाणारी एक तरुणी थांबली, काय चालले आहे ते तिने विचारले, आणि मग स्वतः पट्टी धरून पुन्हा मोजले.

स्थानकाच्या आवारात स्वच्छतागृहे आहेत आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवासस्थानात उपाहारगृह आहे. किमती सिंगापूरच्या हिशेबाने नेहमीच्या, आपल्या हिशेबाने भारी आहेत. घरून थालीपीठ नेलेले बरे. बसायला सावलीत भरपूर जागा आहे.

दुसऱ्या दिवशी स्थानकापासून दक्षिणेला बुओना व्हिस्टापर्यंत चार-पाच किलोमीटर गेलो. दक्षिणेचा टप्पा एकूण दहा किलोमीटरचा असून तो पुढे तांजोंग पागारच्या दिशेने जातो. या टप्प्याचे स्वरूप वेगळे आहे. इथे जंगल मागे पडते आणि वाट बंगल्यांच्या मागून, उड्डाणपुलांच्या खालून, वसाहतींच्या कडेने जाते. शहराला आपण नेहमी समोरून पाहतो. लोहमार्गावरून ते मागून दिसते, वाळत घातलेले कपडे, कुंड्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांसह. पुण्यात येताना शिवाजीनगरच्या अलीकडे गाडीतून जे दिसते तेच, फक्त इथे ते चालण्याच्या वेगाने दिसते. या पट्ट्याच्या बऱ्याच भागाखालून पिण्याच्या पाण्याची मोठी नळवाहिनीही टाकून घेण्यात आली आहे. खोदकाम करायचेच होते, तर ते आधी उरकून मग वरची वाट बांधली, हा क्रम मला फार आवडला. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो आणि त्याची किंमत प्रत्येक पावसाळ्यात पादचारी मोजतो.

दक्षिण टप्प्याची उणीव सावलीची आहे. मोठी झाडे लांब लांब आहेत आणि साडेनऊनंतर ऊन डोक्यावर येते. दमट हवेत ते पुण्याच्या एप्रिलपेक्षाही अधिक थकवते. झाडे लावलेली दिसली, परंतु त्यांची सावली मिळायला आणखी काही वर्षे लागतील. जंगलातल्या प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून मार्गाच्या बऱ्याच भागात दिवे लावलेले नाहीत. तत्त्व मला मान्य आहे, तरी एकट्या ज्येष्ठ व्यक्तीने संध्याकाळी उशिरा जाऊ नये. सायकलस्वार आणि पादचारी एकाच वाटेवर असतात. बहुतेक सायकलस्वार मागून घंटी देतात, पण शनिवार-रविवारी गर्दी वाढते, तेव्हा ज्यांना कमी ऐकू येते त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

परत आल्यावर तळजाईवर फोटो दाखवले तेव्हा एका मित्राने विचारले, “पण यात विशेष काय? बाग तर आपल्याकडेही आहे.” त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. बाग कुठेही करता येते. एक एकर मिळाला तरी होते. डोंगर, ओढे, रस्ते ओलांडत वीस-पंचवीस किलोमीटर सलग जाणारी, अंगचा चढ सौम्य असलेली, पाण्याचा निचरा आधीच केलेली जमीन मात्र फक्त रेल्वेने तयार करून ठेवलेली असते. ती एकदा तुकड्यांनी विकली गेली की कोणत्याही सरकारला पुन्हा जोडता येणार नाही. अमेरिकेत हे लवकर उमगले. शिकागोजवळची बंद पडलेली एक लाईन चालण्यासाठी राखावी, असे मे वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी १९६३ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवले आणि त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. पुढे १९८३ मध्ये तिथल्या कायद्यात अशी तरतूद झाली की बंद होणारा मार्ग न मोडता वाट म्हणून वापरात ठेवता येईल आणि उद्या गरज पडली तर तिथे पुन्हा रूळ टाकता येतील. या दुसऱ्या भागाचे महत्त्व रेल्वेवाल्याला चटकन कळते. वाट ही त्या मार्गाची राखणदारही असते. न्यूयॉर्कची २००९ मध्ये खुली झालेली हाय लाईन जगभर गाजली, तिची छायाचित्रे सुंदर आहेत. पण ती सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे. सलगतेचा जो अनुभव सिंगापूरला मिळतो तो लांबीमुळे मिळतो.

आणि मग आपल्या दारातल्या मार्गाचा विचार मनातून जात नाही. पुणे ते खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण मधला बोरघाट पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. तोवर प्रवासी घाटातून पालखीने किंवा तट्टावरून जात. सुमारे २५ किलोमीटरच्या चढावात १८०० फुटांहून अधिक उंची गाठायची होती, २५ बोगदे खोदावे लागले आणि चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र ठेवावा लागला. कर्जतला गाडीला मागून इंजिने लागतात आणि आपण वडा घ्यायला उतरतो, ती याच चढामुळे. सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. हजारो मजूर त्या कड्यांवर राबले आणि कितीतरी तिथेच गेले. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की वळण घेणे अशक्य होते, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी आत यायची, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा घाट चढायची. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग बदलला आणि हे स्टेशन बंद झाले.

त्या जुन्या मार्गाच्या दगडी कमानीचे अवशेष आजही घाटात दिसतात. एक्स्प्रेसवेवरून आपण वेगाने त्यांच्या शेजारून जातो. त्याच परिसरातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. रस्त्याची गरज खरी होती हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच उरलेल्या अवशेषांची आज मोजणी होऊन नोंद व्हावी असे मला कळकळीने वाटते. तिथे २४ किलोमीटरची वाट होणार नाही. चालत्या लोहमार्गाला आणि महामार्गाला धक्का न लावता, कठडे आणि पाण्याचा निचरा नीट करून, जुन्या मार्गाचा किलोमीटर-दीड किलोमीटर जरी सुरक्षितपणे चालता आला, तरी पुण्या-मुंबईच्या मुलांना हा घाट कोणी आणि कसा चढवला हे पायांनी कळेल. आज तिथे माहितीचा फलक नसताना आणि धोका असताना कोणी एकट्याने जाऊ नये, विशेषतः रुळांच्या जवळ.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. मधल्या टप्प्यासाठी डाउनटाउन लाईनच्या हिलव्ह्यू मेट्रो स्थानकावर उतरावे आणि शेवटी किंग अल्बर्ट पार्क स्थानकावरून परतावे. जुने बुकित तिमाह स्थानक तिथून अगदी जवळ आहे. पाण्याची बाटली, टोपी आणि छत्री हवीच. साधे चालण्याचे बूट पुरतात. खाण्याचे पदार्थ माकडांच्या टप्प्यात पिशवीबाहेर काढू नयेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर उलट-सुलट विचार न करता हाच टप्पा निवडावा. माझ्याकडून या मार्गाला पाचापैकी साडेचार गुण. अर्धा गुण दक्षिणेकडच्या सावलीसाठी राखून ठेवला आहे.

हिलव्ह्यूपासून क्रांजीकडे जाणारा उत्तरेचा भाग आमचा राहिला आहे. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा मुलीकडे जायचे ठरले आहे, आणि सौ.नी तो टप्पा दोन सकाळींत विभागून चालायचे आताच कबूल केले आहे.